भिंतीवरचे पत्र आणि खरा लिंकन

महाराष्ट्रातल्या मुलाची अब्राहम लिंकनशी पहिली भेट होते ती बहुधा शाळेच्या भिंतीवर. मुख्याध्यापकांच्या खोलीत एका बाजूला संस्थापकांची तसबीर, दुसऱ्या बाजूला वेळापत्रक, आणि दोहोंच्या मध्ये काचेच्या चौकटीत ‘लिंकनचे हेडमास्तरांस पत्र’. चिपळूण तालुक्यातल्या ज्या खेड्यातल्या शाळेत मी शिकलो, तेथेही ते होते. शिक्षकदिनाला कोणीतरी ते म्हणून दाखवी आणि दहावीच्या निरोप समारंभात ते पुन्हा ऐकायला मिळे. कवी वसंत बापट यांनी त्याला दिलेले मराठी रूप इतके घरगुती आहे, की ते मुळात परभाषेतले आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. एका बापाने आपल्या मुलाला शाळेत घालताना गुरुजींना केलेली ती विनवणी आहे. मुलाला काय काय शिकवा आणि शिकवताना त्याचे फाजील लाड कसे करू नका, असे तिचे स्वरूप.

गेल्या वर्षी आमच्या इतिहास विभागाच्या चर्चासत्रात या पत्राचा विषय निघाला. सरांनी फळ्यावर तीनच प्रश्न लिहिले. पत्राची तारीख कोणती? ते कोणत्या मुलासाठी लिहिले? आणि ते गेले कोणत्या शाळेकडे? इतिहासाच्या विद्यार्थ्याने कोणत्याही कागदाला प्रथम हेच विचारावयाचे असते. वर्गात शांतता पसरली. या प्रश्नांच्या मागे लागूनच मी लिंकनचे चरित्र वाचू लागलो, आणि जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम निकाल सांगून टाकतो. लिंकनची उपलब्ध पत्रे, भाषणे आणि टिपणे रॉय बासलर या अभ्यासकाच्या संपादनाखाली १९५३ साली आठ खंडांत प्रसिद्ध झाली. किरकोळ चिठ्ठ्याचपाट्यासुद्धा त्यांत आहेत. हे पत्र मात्र त्यांत नाही. मूळ कागद नाही, तारीख नाही, शाळेचे नाव नाही. ते लिंकनने लिहिले असे म्हणावयास कसलाही आधार नाही.

आता मुलांकडे वळू. लिंकनला चार मुलगे झाले. थोरला रॉबर्ट १८४३ चा. तो शाळेत जाऊ लागला तेव्हा लिंकन स्प्रिंगफील्ड गावचा फिरतीवर असणारा वकील होता आणि मुलाच्या शाळेकडे पाहण्यास त्याला फारशी सवड नसे. दुसरा एडवर्ड १८५० साली, चार वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा वारला. तिसरा विली आणि चौथा टॅड यांचे शिक्षण बाप अध्यक्ष झाल्यावर व्हाइट हाऊसमध्येच खाजगी शिक्षकांकडून चालले. त्यांतला विली १८६२ च्या फेब्रुवारीत तापाने गेला. टॅडच्या बोलण्यात दोष होता, आणि बाप गेला तेव्हा बारा वर्षांच्या या मुलाला धड वाचताही येत नव्हते. लिंकनला त्याची घाई नव्हती! मुले वकिलीच्या कचेरीत येऊन कागद उधळीत, शाई सांडीत, आणि बाप शांतपणे आपले काम करीत राही, अशी तक्रार त्याचा भागीदार हर्नडन याने लिहून ठेवली आहे. व्हाइट हाऊसमध्येही टॅड मंत्र्यांच्या बैठकीत खुशाल घुसे. मुलांचे लाड करू नका असे गुरुजींना बजावणारा बाप आणि हा बाप एकच मानावयाचे, तर फारच ताण द्यावा लागतो.

पण माझ्या मते खरी विसंगती याहून खोल आहे. शाळा हे माणूस घडवण्याचे ठिकाण आहे या विश्वासावर ते पत्र उभे आहे. लिंकनला शाळा फारशी मिळालीच नाही. १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकी राज्यात ओंडक्यांच्या झोपडीत त्याचा जन्म झाला. सात वर्षांचा असताना बिऱ्हाड इंडियानाच्या रानात हलले. नऊ वर्षांचा असताना आई वारली. विषारी झुडूप खाल्लेल्या गाईच्या दुधाने त्या भागात माणसे मरत, त्यातलाच तो प्रकार. बापाने दुसऱ्या वर्षी सारा नावाच्या विधवेशी लग्न केले. ही सावत्र आई त्याला सख्ख्या आईसारखी लाभली. आपल्या सामानाबरोबर तिने घरात चार पुस्तकेही आणली, आणि पोराच्या वाचण्याच्या आड कोणाला येऊ दिले नाही. शेतीची कामे संपली की जवळपास एखादा शिक्षक असेल तर काही आठवडे शाळा, नाहीतर नाही. सगळी शाळा एकत्र केली तर वर्षही भरणार नाही, असे लिंकनने स्वतःच पुढे लिहून ठेवले. १८५८ साली काँग्रेसच्या सभासदांच्या चरित्रकोशासाठी माहिती मागवली गेली, तेव्हा ‘शिक्षण’ या नावापुढे त्याने सदोष अशा अर्थाचा एकच शब्द लिहून पाठवला.

या पोराने मग काय केले? मैलोन्‌मैल चालून पुस्तके उसनी आणली. त्यातली एक हकीकत आपण चिपळूणकरांनी जरा थांबून ऐकावी अशी आहे. क्रॉफर्ड नावाच्या शेजाऱ्याकडून त्याने जॉर्ज वॉशिंग्टनचे चरित्र वाचावयास आणले. रात्री वाचून ते झोपडीच्या ओंडक्यांच्या फटीत ठेवले. रात्रीत पाऊस झाला आणि पुस्तक भिजून फुगले. सकाळी ते घेऊन तो मालकाकडे गेला. पैसे नव्हते, म्हणून क्रॉफर्डच्या शेतात काही दिवस कडबा काढण्याचे काम करून त्याने ती भरपाई केली, आणि भिजलेले पुस्तक त्याचे झाले. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर वाशिष्ठीचा गाळ बसलेली पुस्तके ज्यांनी पाने सुटी करून दोरीवर वाळत घातली, त्यांना भिजल्या पुस्तकाची किंमत निराळी सांगावयास नको.

हे पुस्तक वीम्स नावाच्या एका पाद्र्याने लिहिलेले होते. लहानग्या वॉशिंग्टनने बापाचे चेरीचे झाड कुऱ्हाडीने तोडले आणि न भिता कबुली दिली, ही आपल्याकडच्या वाचनमालेतही शिरलेली गोष्ट या वीम्सची. ती त्याने १८०६ च्या आवृत्तीत घातली, आणि तिलाही काही आधार सापडत नाही! म्हणजे ज्याच्या नावावर आपण बनावट पत्र लावले, तो स्वतःही एका अध्यक्षाच्या बनावट गोष्टीवर वाढला. मग आमच्या चर्चासत्रात एका मैत्रिणीने घेतलेला आक्षेप खरा मानावा काय? ती म्हणाली, “पत्र खोटे असेना का, मुलांवर संस्कार चांगला होतो ना?” प्रश्न सोपा नाही. पण लिंकनपुरते त्याचे उत्तर उपलब्ध आहे. अध्यक्षपद स्वीकारण्यास निघाला असता २१ फेब्रुवारी १८६१ रोजी ट्रेंटन येथे न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे तो बोलला. त्यात त्याने बालपणी वाचलेल्या वीम्सच्या पुस्तकाचा उल्लेख केला. त्यातले मनात काय राहिले म्हणून त्याने सांगितले? चेरीचे झाड नव्हे. याच ट्रेंटनला झालेली लढाई, नदी ओलांडणे, सैनिकांनी सोसलेले हाल. आणि एवढे सोसण्याजोगे काहीतरी त्या माणसांपुढे असले पाहिजे, हा लहानपणी मनात आलेला विचार. पुस्तकात बनावट गोष्ट होती आणि खरी लढाईही होती. मुलाने खरे तेवढे उचलले. भिंतीवरच्या चौकटीत उचलण्यासारखे दुसरे काही ठेवलेलेच नसते, ही माझी तक्रार आहे.

पुढचे चरित्र थोडक्यात सांगतो. १८३१ मध्ये तो इलिनॉयमधल्या न्यू सालेम या लहानशा वस्तीत आला. भागीदारीत दुकान काढले, ते बुडाले, भागीदार मेला. सारे कर्ज लिंकनच्या अंगावर आले. त्याला तो थट्टेने ‘राष्ट्रीय कर्ज’ म्हणे. ते फेडावयास कित्येक वर्षे लागली. तेथेच तो पोस्टमास्तर होता आणि गावची पत्रे टोपीत ठेवून वाटत फिरे. जमीन मोजणीचे काम पुस्तकावरून शिकला. कायदा उसन्या पुस्तकांवरून शिकला आणि १८३६ मध्ये वकिलीची सनद मिळवली. चाळिशीच्या आसपास, काँग्रेसचा सभासद होऊन गेल्यावर, त्याने युक्लिडच्या भूमितीचे सहा भाग जवळजवळ पक्के केले. सिद्ध करणे म्हणजे काय, हे वकिलाला नीट कळले पाहिजे म्हणून! आपल्यापैकी किती जणांनी अकरावीत गणित सुटले म्हणून पेढे वाटले, हे येथे काढीत नाही.

भिंतीवर आणखी एक तक्ताही पुष्कळ ठिकाणी दिसतो. लिंकन अमुक साली हरला, तमुक साली हरला, आणि शेवटी अध्यक्ष झाला. तोही अर्धाच खरा आहे. १८३२ मध्ये तो विधिमंडळाची निवडणूक हरला हे खरे. परंतु १८३४ पासून ओळीने चारदा जिंकला आणि १८४६ मध्ये काँग्रेसवर निवडून गेला, ही सालेच तक्त्यातून गाळलेली असतात. पराभवांची माळ ओवावयाची म्हणून यश गाळणे, हेही एक प्रकारचे असत्यच.

त्याची खरी कसोटी गुलामगिरीच्या प्रश्नावर लागली, आणि येथे तसबिरीतला महात्मा जरा डळमळतो. १८५४ मध्ये नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू देणारा कायदा झाला आणि मागे पडलेला लिंकन पुन्हा राजकारणात ओढला गेला. १८५८ मध्ये सेनेटच्या जागेसाठी डग्लस या प्रतिस्पर्ध्याशी त्याचे सात जाहीर वादविवाद झाले. गुलामगिरी हा अन्याय आहे, असे तो त्यांत निक्षून सांगतो. पण चार्ल्सटन येथील सभेत, काळ्या लोकांना सामाजिक व राजकीय समता देण्याचा आपला विचार नाही, असेही तोच सांगतो. हे वाचताना वाईट वाटते. १८६२ च्या ऑगस्टमध्ये ग्रीली या संपादकास लिहिलेल्या जाहीर पत्रात, आपले मुख्य कार्य संघराज्य वाचवणे हे आहे, गुलामगिरी राखणे किंवा नष्ट करणे हे नव्हे, असे तो लिहितो. आणि त्या वेळी मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्याच्या टेबलाच्या खणात तयार असतो! १ जानेवारी १८६३ चा तो जाहीरनामाही बंडखोर राज्यांतल्या गुलामांपुरताच होता. संघराज्यात राहिलेल्या गुलामधारक राज्यांना तो लागू नव्हता. म्हणून गुलामगिरी घटनेतूनच काढून टाकणारी तेरावी दुरुस्ती मंजूर व्हावी यासाठी त्याने १८६५ च्या जानेवारीत काँग्रेसमध्ये एकेक मत जमवले. ११ एप्रिल १८६५ च्या अखेरच्या भाषणात तो म्हणाला, की शिकलेल्या आणि सैन्यात लढलेल्या काळ्या पुरुषांना मताचा अधिकार मिळालेला आपणास आवडेल. सात वर्षांपूर्वी चार्ल्सटनला बोललेल्या माणसाच्या तोंडचे हे शब्द. श्रोत्यांत बूथ नावाचा नट उभा होता. तीन दिवसांनी नाटकगृहात त्यानेच लिंकनवर गोळी झाडली, आणि १५ एप्रिलच्या सकाळी लिंकन मरण पावला. मला या चरित्रात सर्वांत मोलाचे वाटते ते हे सरकणे. सहा लाखांहून अधिक माणसे खाणाऱ्या युद्धात, लोकमत आणि कायदा यांच्या मधून वाट काढीत, हा मनुष्य अन्यायाविरुद्ध पुढे पुढे सरकत गेला. जन्मतःच पूर्ण असलेल्या महात्म्याला सरकण्याचे कारणच नसते.

तिकडचे हे युद्ध आपल्यापासून दूर होते असे मानू नये. १८६१ च्या एप्रिलमध्ये लिंकनने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी जाहीर केली, आणि इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. त्यांची नजर मुंबईकडे वळली. कापसाचे भाव भडकले, मुंबईत पैशाचा पूर आला, रोज नव्या कंपन्यांचे शेअर निघू लागले. १८६४ च्या शिरगणतीत शहराची वस्ती आठ लाखांवर गेलेली दिसते. १८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आल्याची वार्ता आली आणि डोलारा कोसळला. जुलैत एकामागून एक दिवाळी निघाली. त्या तेजीत सर्वांत वर चढलेले शेअरबाजारातले गृहस्थ म्हणजे प्रेमचंद रायचंद. त्यांनी दिलेल्या देणगीतून मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाची इमारत आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. आपल्या पदवीपत्रावर ज्या विद्यापीठाची मोहोर उमटते, त्याच्या ग्रंथालयाच्या दगडांत लिंकनच्या नाकेबंदीचा पैसा असा मुरलेला आहे.

त्याच १८६४ साली आपल्या चिपळुणात वाचनालय सुरू झाले. आज लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर म्हणून आपण ज्याला ओळखतो ते हेच. लिंकन त्या वर्षी नोव्हेंबरात दुसऱ्यांदा निवडून आला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही, हे मलाही कळते. पण वाचनालयाच्या पायऱ्या चढताना आता हे साल आठवल्यावाचून राहत नाही.

विचारांचा संबंध मात्र महाराष्ट्रात खरोखरच जुळला. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांस अर्पण केला. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा, ही त्यामागची आशा. जोतीरावांनी अर्पणपत्रिका लिंकनच्या नावाने लिहिली नाही, लोकांच्या नावाने लिहिली, हे मला फार मार्मिक वाटते. त्या लढ्यात पळून आलेले गुलाम होते, त्यांना घरात लपवणारे होते, फ्रेडरिक डग्लससारखे स्वतः गुलामीतून सुटून लेखणी उचलणारे होते. लिंकनला पुढे सरकावे लागले ते या रेट्याने. पुण्यात बसून जोतीरावांनी जे ओळखले, ते आपल्या भिंतीवरच्या चौकटीला ओळखता आले नाही.

आता कोणी म्हणेल, हे पत्र काढले तर त्या जागी काय लावावे? लिंकनच्या खऱ्या पत्रांत निवडीला भरपूर वाव आहे. आळशी सावत्र भावाने पैसे मागितले, तेव्हा, तू कोठेतरी कामाला लाग आणि तू मिळवशील त्या प्रत्येक डॉलरमागे मी माझा एक डॉलर घालीन, असे त्याने कळवले. १८६० च्या ऑक्टोबरात ग्रेस बेडेल या अकरा वर्षांच्या मुलीने, तुम्ही दाढी वाढवा म्हणजे बरे दिसाल, असे लिहिले. त्यालाही उत्तर गेले, आणि वॉशिंग्टनला जाताना आगगाडी तिच्या गावी थांबली तेव्हा दाढी वाढलेला लिंकन तिला भेटला. १८६२ च्या डिसेंबरात, युद्धात बाप गमावलेल्या फॅनी नावाच्या मुलीला त्याने जे लिहिले, ते वाचताना त्याच वर्षी त्याचा विली गेला होता हे विसरता येत नाही.

पण विद्यार्थ्यांसाठी मी निवडीन ते निराळे. थोरला रॉबर्ट १८५९ मध्ये हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेस बसला आणि सोळा विषयांपैकी पंधरांत नापास झाला. बापाने त्याला एक्झिटर येथील शाळेत आणखी एक वर्ष तयारीला ठेवले. पुढल्या वर्षी रॉबर्टला प्रवेश मिळाला. पण त्याच्याच वर्गातला जॉर्ज लॅथम हा मित्र राहून गेला. लिंकन तेव्हा अध्यक्षपदाचा उमेदवार होता आणि स्प्रिंगफील्डला भेटीस येणाऱ्यांची रीघ लागलेली होती. तरी त्याने या मुलाला आपण होऊन पत्र लिहिले. तुझी बातमी ऐकून फार वाईट वाटले, असे त्यात आहे. ही निराशा तू मनावर बसू दिली नाहीस तर काही बिघडलेले नाही. एकदा मनावर घेतलेस तर यश येईलच. तूर्त नापास झालास यावरून तू पुढे चांगला विद्वान होणार नाहीस असे मुळीच सिद्ध होत नाही, असा त्याचा आशय आहे. मी वयाने मोठा आहे आणि कठोर अनुभवातून गेलो आहे म्हणून सांगतो, असेही तो म्हणतो. पत्र लहानसे आहे. त्यात अलंकार नाहीत. पराभवाचा आणि कर्जाचा हिशेब ठाऊक असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या नापास मुलाला ते लिहिले आहे.

त्याचा मी केलेला मराठी अनुवाद सध्या इतिहास विभागाच्या फलकावर लावलेला आहे. पहिल्या प्रतीवर मजकुराखाली नुसती लिंकनची सही लिहिली होती. सरांनी ती परत केली आणि पत्र कोणाला व कोठून लिहिले ते वर घालावयास सांगितले, तारीखही. ती २२ जुलै १८६० आहे. फलकाशी थांबणारे बहुतेक जण दिवस आणि महिना वाचून आधी पुराविषयी बोलू लागतात, आणि साल मागाहून पाहतात.